एच-१बी व्हिसासाठी सल्लागार संस्थेला सहा लाख रुपये द्यावेत का? तीन वर्षांच्या पदवीवर हा व्हिसा मिळतो का?

प्रश्नकर्ते कराडचे आहेत, बी.एस्सी. झाल्यावर सात वर्षे पुण्यात सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरी करत आहेत, आणि एका सल्लागार संस्थेने अमेरिकेत नोकरी करण्याचा एच-१बी व्हिसा 'हमखास' करून देण्यासाठी त्यांच्याकडे सहा लाख रुपये मागितले आहेत, त्यांतील निम्मे आगाऊ. पैसे द्यावेत का, याचे उत्तर 'देऊ नयेत' असे आहे. तीन वर्षांच्या पदवीवर मिळतो का, याचे उत्तर 'मिळतो, मला मिळाला होता' असे आहे. मात्र पहिल्या प्रश्नावरून आमच्या सांगलीच्या घरात गेली अनेक वर्षे वाद चालू असल्यामुळे त्याविषयी मी अधिक लिहिणार आहे.

एच-१बीचा अर्ज उमेदवाराचा नसतो, ही गोष्ट आपल्याकडे शिकल्यासवरल्या माणसांनाही पटवून द्यावी लागते. अर्जदार असते ती अमेरिकेतील कंपनी. तिला प्रथम तेथील कामगार खात्याकडून एलसीए, म्हणजे मालकाचे हमीपत्र, मंजूर करून घ्यावी लागते. अमुक पदावर, अमुक गावी, अमुक पगारावर माणूस ठेवीन आणि तो पगार त्या भागातील त्या कामाच्या प्रचलित पगारापेक्षा कमी नसेल, असे ती त्यात लिहून देते. ती एलसीए जोडून आय-१२९ हा अर्ज यूएससीआयएस या तेथील इमिग्रेशन खात्याकडे जातो, आणि त्यालाच आपण सारे पिटिशन म्हणतो. पिटिशनचे शुल्क आणि त्यासाठीची वकिलाची फी हा कायद्याने मालकाच्या धंद्याचा खर्च मानला जातो. तो कर्मचाऱ्यावर टाकून त्याचा पगार बंधनकारक पातळीच्या खाली आणता येत नाही, आणि त्यातील अमेरिकन कामगारांच्या प्रशिक्षणासाठी घेतले जाणारे शुल्क तर कर्मचाऱ्याकडून कोणत्याही मार्गाने वसूल करायला सरळ मनाई आहे. उमेदवाराने स्वतः भरायचे ते मुख्यतः वकिलातीचे व्हिसा शुल्क, जे २०२३ मध्ये २०५ डॉलर करण्यात आले. सहा लाखांचा आकडा या हिशेबात कोठे बसतो, हे त्या संस्थेला लेखी विचारून पाहावे.

'हमखास' या शब्दाबद्दलही दोन वाक्ये. वर्षाला ६५,००० जागा आणि अमेरिकन विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी असणाऱ्यांसाठी आणखी २०,००० एवढीच मर्यादा आहे, आणि मागणी त्याहून किती तरी अधिक असल्यामुळे सोडत काढावी लागते. सोडतीची हमी देणारा मनुष्य एक तर अज्ञानी असतो किंवा लबाड. पूर्वी या संस्था एकाच उमेदवाराचे नाव चार-पाच कंपन्यांमार्फत टाकत असत, आणि २०२३ च्या वसंतात जी ७,८०,८८४ नावे नोंदवली गेली त्यांतील चार लाखांहून अधिक नोंदी अशा एकापेक्षा जास्त वेळा नोंदवलेल्या उमेदवारांच्या होत्या. २०२४ पासून निवड नोंदींची न होता पासपोर्टगणिक माणसाची होते. त्यामुळे 'आमच्या पाच कंपन्यांतून तुमचे नाव टाकू' असे अजूनही कोणी सांगत असेल, तर तो जुनाच माल विकतो आहे.

आता आमच्या घरातील वादाकडे येतो. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, त्यांचे मार्केट यार्डात हळदीचे अडत दुकान आहे, आणि राजापुरी हळदीच्या सौद्यांत ज्यांचा शब्द चालतो अशा मोजक्या माणसांपैकी ते एक आहेत. मी आणि त्यांचा धाकटा मुलगा दोघेही बी.एस्सी. करून पुण्यात नोकरीला लागलो होतो, तेव्हा एक गृहस्थ गाडी घेऊन दुकानी आले. त्यांनी गादीवर बसून चहा घेतला, अमेरिकेत स्थिरावलेल्या मुलांची छायाचित्रे दाखवली आणि दोघांचे मिळून किती द्यावे लागतील ते सांगितले. अण्णांना त्यात काही वावगे वाटले नाही. "अरे, दलाली दिल्याशिवाय पोतं हलत नाही, तिथं माणूस कसा हलंल?" असे ते मला म्हणाले, आणि ते मनापासून बोलत होते, कारण त्यांचा सगळा जन्म त्याच व्यवहारात गेला आहे. मी त्यांना एवढेच म्हणालो की अडत्या माल विकून दिल्यावर अडत घेतो, आणि हे गृहस्थ माल कोणत्या पेठेत जाणार हे न सांगता उचल मागत आहेत.

मग मी त्या गृहस्थांना तीन गोष्टी विचारल्या. कंपनीचे नाव आणि पत्ता काय, माझ्यासाठी जी एलसीए भराल तिची प्रत मला केव्हा मिळेल, आणि तेथे पोहोचल्यावर काम मिळेपर्यंत पगार कोण देणार. एलसीएची प्रत कामावर रुजू होण्याच्या दिवसापर्यंत कर्मचाऱ्याला देणे मालकावर बंधनकारक असते, हे मला माझ्या कंपनीतील एका सहकाऱ्यामुळे ठाऊक होते. गृहस्थ हसले आणि म्हणाले की प्रोजेक्ट, म्हणजे एखाद्या क्लायंट कंपनीचे काम, मिळेपर्यंत तुम्ही बेंचवर, म्हणजे कामाविना, राहाल, राहण्याची सोय आमच्या गेस्ट हाऊसवर होईल, पगार प्रोजेक्ट लागल्यावर सुरू होईल. हे त्यांनी दुकानात चार माणसांसमोर सांगितले, इतके त्यांना ते सर्वसाधारण वाटत होते. वस्तुतः मालकाकडे काम नाही म्हणून एच-१बीवरील माणसाला बिनपगारी बसवून ठेवणे हा कायद्याचा भंग आहे. अमेरिकेत उतरल्यानंतर फार तर तीस दिवसांत पगार सुरू व्हावा लागतो, मग प्रोजेक्ट असो वा नसो. मी तसे म्हटल्यावर गृहस्थांचा चेहरा बदलला, आणि ते गेल्यावर अण्णांनी मला पाहुण्याचा अपमान केल्याबद्दल चांगलेच सुनावले. माझ्या वडिलांनीही त्यांचीच बाजू घेतली, कारण आमच्याकडे थोरल्या भावाच्या शब्दापुढे बोलण्याची रीत नाही.

चुलतभाऊ त्या मार्गाने गेला. त्याची सोडतीत निवड झाली, पासपोर्टवर व्हिसाचे स्टॅम्पिंग झाले, सत्यनारायण झाला, आणि तो न्यू जर्सीच्या एका घरात जाऊन पडला, जेथे एका खोलीत त्याच्यासारखेच आणखी काही तेलुगू, तमिळ आणि गुजराती मुलगे प्रोजेक्टची वाट पाहत होते. त्याच्या नावावर नसलेला अनुभव लिहिलेला बायोडेटा घेऊन त्याला मुलाखती द्यायला लावले गेले. पगार नाही म्हणजे पे-स्टब, अर्थात पगाराच्या पावत्या, नाहीत, आणि पे-स्टब नाहीत म्हणजे दुसरी कंपनी व्हिसा ट्रान्सफर करायला तयार झाली तरी तुम्ही कायदेशीर स्थितीत होता हे सिद्ध होत नाही. त्यावर संस्थेने काढलेला तोडगा असा की तुम्ही घरून पैसे मागवा, आम्ही तेच तुम्हाला कर कापून पगार म्हणून देतो. अण्णांनी तेही पैसे पाठवले. मी त्याला फोनवर सांगत होतो की तेथील कामगार खात्याच्या वेतन विभागाकडे डब्ल्यूएच-४ या नमुन्यावर तक्रार करता येते, त्यासाठी बारा महिन्यांची मुदत असते, आणि थकलेला पगार वसूल होतो; परंतु तक्रार केल्यास आपणच कायमचे बाद होऊ असे खोलीतील सर्वांनी त्याच्या मनात भरवले होते. तो परत आला. आज तो अण्णांचे दुकान उत्तम सांभाळतो आणि या विषयावर एक अक्षर बोलत नाही, म्हणून त्याच्या वतीने मी बोलतो आहे.

माझ्या कंपनीने माझे पिटिशन २०१५ च्या एप्रिलमध्ये भरले. त्या वर्षी ८५,००० जागांसाठी सुमारे २,३३,००० पिटिशन आली होती, त्यामुळे माझी निवड होण्यात नशिबाचा भाग होता हे मी नाकारत नाही. अण्णांचे म्हणणे मात्र असे की सगळाच नशिबाचा भाग होता. याचे नशीब खरे आणि त्याचे खोटे, बाकी दोघांत फरक काय? फरक असा की माझ्याकडून कोणी एक रुपया घेतला नव्हता आणि उतरल्या आठवड्यापासून माझा पगार चालू होता. सोडत कंपनी निवडत नाही, कंपनी आपण निवडतो. हे मी त्यांना लग्नकार्यात, दिवाळीत आणि एकदा तर सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारातही सांगून पाहिले आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यामानाने थोडक्यात देतो. एच-१बीसाठी त्या विशिष्ट विषयातील अमेरिकन बॅचलर पदवी किंवा तिच्या बरोबरीची पात्रता लागते, आणि शिवाजी विद्यापीठाची तीन वर्षांची बी.एस्सी. एकटी त्या चार वर्षांच्या पदवीइतकी सहसा धरली जात नाही. उरलेले एक वर्ष अनुभवाने भरून काढता येते, आणि शिक्षणाच्या एका वर्षामागे विशेष ज्ञान लागणाऱ्या कामाची तीन वर्षे असा हिशेब आहे. तुमची सात वर्षे आहेत, म्हणजे आकड्याने तुम्ही बसता. येथे पुष्कळ जण एका ठिकाणी अडतात, ते म्हणजे पदवीचे मूल्यमापन करून देणाऱ्या खासगी संस्था फक्त शिक्षणाचेच मूल्यमापन करू शकतात. अनुभवाचे करायचे असेल, तर ज्याला आपल्या विद्यापीठात अनुभवाबद्दल श्रेयांक देण्याचा अधिकार आहे अशा प्राध्यापकाचे पत्र लागते. माझ्या वेळी हे कंपनीच्या वकिलाने पाहिले, तरीही इमिग्रेशन खात्याची आरएफई ही नोटीस आली आणि मी नेमके कोणते काम करत होतो याचा अधिक पुरावा मागण्यात आला. तो दिला आणि मंजुरी आली. मुंबईला मुलाखतीसाठी महालक्ष्मी एक्सप्रेसने गेलो, तेथे अधिकाऱ्याने क्लायंट कोण आणि काम काय एवढेच विचारले. पदवी तीन वर्षांची की चार, हा विषयही निघाला नाही. ग्रीन कार्डाच्या वेळी मात्र हीच पदवी आडवी येते, कारण उच्चशिक्षितांसाठीच्या ईबी-२ या वर्गात पदवी आणि अनुभव यांची अशी बेरीज चालत नाही.

हे सर्व लिहिल्यावर सांगणे भाग आहे की माझा अनुभव जुना आहे आणि आजची वाट कितीतरी अरुंद झाली आहे. सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षीय घोषणेने अमेरिकेबाहेर असलेल्या उमेदवारासाठीच्या नव्या पिटिशनवर एक लाख डॉलर भरण्याची अट एका वर्षासाठी घातली, आणि २०२६ च्या सोडतीपासून जास्त वेतनस्तराच्या उमेदवाराला जास्त संधी देणारा नियम आला. तुमच्यासारख्या भारतात बसलेल्या उमेदवारासाठी एवढी रक्कम मोजायला कोणती कंपनी तयार होईल, आणि तशी कंपनी तुमच्याकडून सहा लाख कशाला मागेल, याचा विचार तुम्हीच करावा. तुमच्या सध्याच्या कंपनीचे अमेरिकेत कार्यालय असेल, तर तेथे बदलीवर जाण्याचा एल-१ हा वेगळा मार्ग आहे. त्याला ही सोडत लागत नाही, मात्र आधीच्या तीन वर्षांत त्या कंपनीत सलग एक वर्ष परदेशात काम केलेले असावे लागते. तो तुमच्या व्यवस्थापकाला विचारण्याचा विषय आहे, सल्लागार संस्थेला नव्हे.

आगाऊ रक्कम अगोदरच दिली असल्यास पावती, बँकेची नोंद आणि त्यांचे सर्व संदेश जपून ठेवा, आणि कोऱ्या धनादेशावर किंवा बाँडवर सही केली असेल तर कराडमध्येच एखाद्या वकिलाला दाखवा. दिली नसल्यास या महिन्यात एकच काम करा. आजवरच्या प्रत्येक कंपनीकडून कामाचे स्वरूप, वापरलेले तंत्रज्ञान आणि वरिष्ठांची पात्रता नमूद केलेले अनुभवपत्र मागून घ्या, कारण नुसते 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत नोकरीस होते' एवढे पत्र अनुभवाच्या मूल्यमापनाला पुरत नाही, आणि जे वरिष्ठ तुमचे काम ओळखतात ते कंपनी सोडून गेल्यावर तसे पत्र लिहून देणारे कोणी उरत नाही.