टपालाची जुनी व्हॅन: आधी रंग खरवडू नका

टपालाची जुनी व्हॅन मिळालीये, पार पत्र्यापर्यंत घासून चकाचक लाल मारू का, असं विचारलंयत. जरा दम धरा. माझ्या पहिल्या व्हॅनचं दार मी असंच उत्साहात ग्राइंडरने घासलं होतं, वरचा थर उडाला आणि खाली एका पांढऱ्या आकड्याचं शेपूट दिसलं, तोवर बाकीचा नंबर धूळ होऊन पायाशी पडला होता. तो खात्याने दिलेला नंबर, त्यावरून गाडी कुठे चालायची ते कदाचित सापडलं असतं. अजून चुटपुट लागते.

म्हणून आधी अंधारात टॉर्च तिरपा धरून फोटो काढा, पुसलेल्या अक्षरांचा उठाव तसाच दिसतो. मग एखाद्या कोपऱ्यात नाण्याएवढी जागा वॉटर पेपरने (पाणी लावून घासायचा सँडपेपर) ओली ठेवून हळूहळू उतरवा, खालचे थर एकेक करून दिसतील. कोरडं घासू नका आणि मास्क लावा, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

अक्षरं आणि चिन्हं अंदाजाने रंगवायची नाहीत. ब्रिटिश व्हॅन असेल तर बघा, १९५२ च्या शेवटी स्कॉटलंडमधल्या एडिनबरोत नव्या टपालपेटीवर दुसऱ्या एलिझाबेथचं चिन्ह आलं तेव्हा त्यातल्या 'दुसरी' या आकड्यावरून लोक भडकले, कारण पहिली एलिझाबेथ स्कॉटलंडची राणी कधी नव्हतीच, आणि फेब्रुवारी १९५३ मध्ये ती पेटी कुणीतरी स्फोटाने उडवली. त्यानंतर तिथल्या पेट्यांवर आणि गाड्यांवर फक्त स्कॉटिश मुकुट आला. म्हणजे तिकडच्या गाडीवर हौसेने राणीचं चिन्ह काढलंत तर झालं कल्याण! तसंच सुरुवातीच्या मॉरिस मायनर टपाल व्हॅनना पुढचे मडगार्ड रबराचे होते, गर्दीत ठोकरा खाऊन पोचे पडू नयेत म्हणून, आणि हेडलाइट मडगार्डच्या वर बसवलेले. लोक ते विचित्र वाटतात म्हणून काढून पत्र्याचे लावतात, अरे तीच तर टपालाची खूण आहे.

यांत्रिक कामात मात्र हळवेपणा नको. दारोदारी थांबत चालल्यामुळे क्लच, हँडब्रेक आणि स्टार्टर सगळ्यात जास्त झिजतात, आणि सरकतं दार असेल तर त्याची रूळपट्टी, ते बिनधास्त बदला, फक्त काढलेला भाग चिठ्ठी लावून जपून ठेवा. रबरी पेट्रोल पाइप तर बदलाच, आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर सडतं. अमेरिकेतल्या १९८७ ते १९९४ मधल्या ग्रुमन कंपनीच्या टपालगाड्यांसारखी अ‍ॅल्युमिनियम बॉडी असेल तर लोखंडी बोल्ट थेट टेकवू नका, मध्ये प्लास्टिकचा वायसर घाला, नाहीतर ओल लागली की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा मारा करून रंग उतरवणं, तेही तिथे नको, पत्रा वेडावाकडा होतो.

पिशव्या ओढून घासलेली मागची फळी सडली नसेल तर तशीच राहू द्या, मी तर तिला नुसतं तेल लावतो.

चेसिस नंबर आणि दाराच्या आतल्या बाजूचा फोटो टाका, तिथला रंग सहसा कुणी घासत नाही, मग थरांचं बघू.