डब्लिनचा हॉर्स शो आणि पुण्याच्या आगाखानांचा करंडक

तुम्ही विचारलंय की डब्लिन हॉर्स शो, म्हणजे आयर्लंडच्या राजधानीत दरवर्षी भरणारं घोड्यांचं प्रदर्शन, सुरू कसा झाला, आणि तिथल्या देशादेशांमधल्या सांघिक स्पर्धेच्या करंडकाला 'आगाखान' हे नाव का. पुण्याच्या आगाखान पॅलेसशी त्याचा काही संबंध आहे का, असंही विचारलंय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण आठ वर्षांपूर्वी डब्लिनला आलो तेव्हा मलाही तोच प्रश्न पडला होता. हो, संबंध आहे. माणूस एकच.

माझं लहानपण येरवड्यात गेलं. पॅलेस म्हटलं की आमच्यासाठी कस्तुरबांची आणि महादेवभाईंची समाधी. शाळेच्या सहलीत तिथे उभं राहून शांतता पाळल्याचं आठवतं. ज्यांनी तो १८९२ मध्ये बांधला ते सर सुलतान महंमद शाह, तिसरे आगाखान (आगाखान ही इस्माइली मुस्लिम पंथाच्या प्रमुखाची पदवी), हे जगातल्या मोठ्या घोडेमालकांपैकी एक होते, हे मात्र कुणी कधी सांगितलं नव्हतं. जन्म कराचीचा, १८७७ चा. वाढले मुंबई-पुण्यात, आणि घरातच शर्यतीच्या घोड्यांची पागा. १९२० च्या दशकात त्यांनी युरोपात शर्यतींत घोडे उतरवायला सुरुवात केली. पुढे इंग्लंडची डर्बी त्यांच्या घोड्यांनी पाच वेळा जिंकली. त्यांची पैदास केंद्रं आयर्लंडमध्येही होती. इथली जमीन चुनखडीची, त्यामुळे गवत कॅल्शियमने भरलेलं आणि शिंगरांची हाडं मजबूत, असं इथले घोडेवाले अभिमानाने सांगतात.

आता शोकडे वळू. त्यामागे रॉयल डब्लिन सोसायटी आहे. ही संस्था १७३१ ची. शेती, उद्योग, कला, विज्ञान यांना उत्तेजन द्यायला काढलेली, आजही सगळे तिला आरडीएस म्हणतात. १८६४ मध्ये आयर्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीने आरडीएसच्या आश्रयाखाली पहिलं घोड्यांचं प्रदर्शन भरवलं. ३६६ प्रवेशिका आल्या आणि बक्षिसांची एकूण रक्कम होती ५२० पौंड. आरडीएसने स्वतः भरवलेला पहिला शो १८६८ चा, लेन्स्टर हाउसच्या हिरवळीवर. गाढवं आणि खेचरं यांचाही वेगळा गट होता. लेन्स्टर हाउस म्हणजे आजची आयरिश संसद. कामाला जाताना मी कधीकधी त्या कुंपणाजवळून जातो, आणि इथे घोडे उड्या मारत होते हे मनात आल्याशिवाय राहत नाही.

त्या उड्याच या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहेत असं मला वाटतं. आज शो जंपिंग हा ऑलिम्पिकमधला खेळ आहे. १८६८ मध्ये ती होती गिऱ्हाइकाची खात्री. आयर्लंडचा मुख्य माल म्हणजे 'हंटर', शिकारीच्या स्वारीचा घोडा. शेतकामाचा दणकट आयरिश ड्राफ्ट आणि शर्यतीचा चपळ थरोब्रेड यांच्या संकरातून तो तयार होतो. इथलं शिवार बांधांनी चिरलेलं. काही भागात दगड नुसते एकावर एक रचलेल्या भिंती, काही भागात मातीचे उंच बांध आणि त्याला लागून चर. शिकारी कुत्र्यांच्या मागे दौडताना हे सगळं ओलांडता आलं नाही तर घोडा घेऊन करायचं काय? म्हणून विकत घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घोड्याला उडी मारायला लावायची. तीन प्रकार ठेवले होते : काटेरी झुडपं भरलेल्या अडसरावरून उंच उडी, लांब उडी, आणि दगडी भिंत. भिंत जास्तीत जास्त सहा फुटांची. उंच आणि लांब उडीला पहिलं बक्षीस पाच पौंड आणि दुसरं दोन पौंड.

उड्यांत जिंकलेला 'शेन ऱ्हू' हा रॉसकॉमनच्या एका मेंढपाळ शेतकऱ्याचा घोडा. तो त्याच दिवशी एक हजार पौंडांना विकला गेला. चार वर्षांपूर्वीची सगळी बक्षिसं मिळून जेवढे पैसे होते, त्याच्या जवळपास दुप्पट एका घोड्याला! बाकी कशापेक्षाही या एका सौद्यामुळे उड्यांचं महत्त्व लोकांच्या लक्षात आलं असेल, हे माझं मत.

१८८१ मध्ये शो बॉल्सब्रिजला आला. तेव्हा ते मोकळं माळरान होतं, आज शहरातला महागडा भाग आहे. त्याच वर्षी सुटे अडथळे जाऊन एकामागून एक अडथळे पार करण्याचा सलग मार्ग आला. बाजाराचा खेळ झाला तो इथून.

पण तो आंतरराष्ट्रीय झाला १९२६ मध्ये, आणि ती गोष्ट मला फार भावते. आदल्या वर्षी स्विस लष्करातले कर्नल झिगलर यांनी सुचवलं की इथे देशादेशांच्या संघांची स्पर्धा ठेवा. ते आगाखानांच्या कानावर गेलं आणि त्यांनी करंडक देऊ केला. आयर्लंड तेव्हा कुठल्या अवस्थेत होता ते बघा. स्वतंत्र राज्य होऊन चार वर्षं, यादवी संपून तीन. खजिना रिकामा. अशा देशाने आपल्या लष्करात घोडेस्वारीची शाळा काढली, डब्लिनच्या मकी बॅरक्समध्ये, १९२६ मध्येच. लढाईसाठी नव्हे. आयरिश गणवेशातले अधिकारी आयरिश घोड्यांवर बसून परदेशी मैदानांत जिंकले की आयरिश घोड्याला गिऱ्हाईक मिळेल, एवढाच हेतू.

ही कल्पना पंतप्रधान विल्यम कॉसग्रेव्ह यांच्याकडे नेणारे होते आरडीएसचे न्यायमूर्ती विल्यम वायली. हेच वायली १९१६ च्या ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या ईस्टरच्या उठावानंतर ब्रिटिश लष्करी न्यायालयात सरकारी वकील होते, आणि आरोपींमध्ये कॉसग्रेव्ह होते! कॉसग्रेव्ह यांना मृत्युदंड झाला, नंतर तो जन्मठेपेवर आला. दहा वर्षांनी ते दोघे एकत्र बसून घोड्यांच्या शाळेचं ठरवतात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ तसाच बसलो होतो.

पहिल्या स्पर्धेत सहा देश होते : आयर्लंड, ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, हॉलंड आणि स्वित्झर्लंड. जिंकले स्विस. घोडे मात्र आयर्लंडच्या पैदाशीचे! यजमान हरले आणि तरीही त्यांचा माल जिंकला. १९२८ मध्ये आयरिश शाळेला रशियाच्या झारच्या घोडदळातले माजी अधिकारी कर्नल पॉल रोडझियांको हे शिक्षक मिळाले, आणि त्याच वर्षी आयर्लंडने करंडक पहिल्यांदा जिंकला. नियम असा की ठरावीक वेळा जिंकलेल्या देशाने करंडक कायमचा घरी न्यायचा आणि आगाखानांनी नवा द्यायचा. मूळचा १९३० मध्ये स्वित्झर्लंडला गेला, पुढचा एक १९३७ मध्ये आयर्लंडकडे राहिला. आज लढला जातो तो सहावा, १९८० मध्ये दिलेला.

दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० ते १९४६ शो झाला नाही. १९४९ पर्यंत या सांघिक स्पर्धेत फक्त लष्करी अधिकारी उतरू शकत, म्हणजे बायकांना दार बंदच. हे मला खटकतं, कारण त्याच वर्षी डब्लिनच्या आयरिस केलेट यांनी 'रस्टी' घोड्यावर लंडनचा प्रिन्सेस एलिझाबेथ कप जिंकला होता. त्यांचं नाव इतिहासात आणखी ठळक हवं. १९६९ मध्ये त्या याच बॉल्सब्रिजच्या मैदानात महिलांच्या युरोपीय विजेत्या झाल्या. आणि त्यांच्या तालमीत तयार झालेला एडी मॅकन पुढे आयर्लंडचा लाडका स्वार झाला. १९७७, ७८ आणि ७९ अशी सलग तीन वर्षं मॅकन, पॉल डॅरा, जेम्स कर्नन आणि कॅप्टन कॉन पॉवर या चौघांनी करंडक जिंकला. मॅकनच्या 'बूमरँग' घोड्याचं नाव काढलं की साठीच्या पुढची माणसं आजही खुर्चीत पुढे सरकतात.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नियम कळत नव्हते. शेजारी टिपररीचे एक आजोबा होते, त्यांनी समजावलं. संघात चार स्वार, दोन फेऱ्या. अडथळ्याचा दांडा पडला की चार दोष, वेळ उलटली की आणखी. प्रत्येक फेरीत चौघांतली सगळ्यात वाईट कामगिरी सोडून तिघांची बेरीज. मी त्यांना सांगितलं की ज्यांनी हा करंडक दिला त्यांचा वाडा माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. त्यांनी हातातली कार्यक्रमपत्रिका खाली ठेवली आणि गांधीजी तिथेच कैदेत होते ना, असं विचारलं. पुढचे दोन घोडे आम्ही दोघांनीही पाहिले नाहीत.

यायचा विचार असेल तर ऑगस्टमध्ये या आणि शुक्रवारचं तिकीट आधीच काढा, करंडकाची स्पर्धा त्या दिवशी असते. पण दुपारपर्यंत थांबू नका. सकाळी बाजूच्या रिंगणांत घोड्या आणि त्यांची शिंगरं परीक्षकांसमोर फिरवतात. लगाम धरणारे बहुतेक शेतकरी असतात, धुतलेल्या कोटात, आणि परीक्षक वाकून खूर बघत असताना ते श्वास रोखून उभे असतात.