तैवानचे बेसबॉलपटू परदेशी लीगमध्ये कसे जातात?

मुख्य वाटा दोन. पहिली, घरच्या व्यावसायिक लीगमध्ये न खेळता शाळा-कॉलेजातूनच थेट परदेशी क्लबशी करार. दुसरी 'पोस्टिंग'ची: घरच्या लीगमध्ये ठरावीक हंगाम झाले की क्लब खेळाडूला बोलीसाठी मोकळा करतो आणि परदेशी क्लब घरच्या क्लबला मोबदला देतो. वांग पो-रोंग २०१६ आणि २०१७ या सलग दोन हंगामांत .४०० च्या वरची बॅटिंग सरासरी (म्हणजे दर दहा प्रयत्नांत चारहून अधिक यशस्वी फटके) काढून याच वाटेने जपानच्या निप्पॉन हॅम संघात गेला.

पहिल्या वाटेचं सर्वांत मोठं नाव पिचर (चेंडू फेकणारा) वांग च्येन-मिंग. अमेरिकेच्या न्यूयॉर्क यांकीज संघासाठी २००६ आणि २००७ मध्ये पिचर म्हणून प्रत्येकी १९ विजय त्याच्या नावावर! त्याचं अस्त्र सिंकर: वेगात येणारा चेंडू प्लेटजवळ (बॅटर उभा असतो तिथे) खाली बसतो, बॅट चेंडूच्या वरच्या भागाला लागते आणि फटका जमिनीवरून सरळ फील्डरकडे जातो. मात्र जून २००८ मध्ये ह्यूस्टनला त्याचा उजवा पाय दुखावला, तोही धावेसाठी बेसवरून धावताना. अमेरिकेच्या मुख्य स्पर्धेचे दोन गट, अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग; यांकीजच्या अमेरिकन लीगमध्ये पिचर बॅटिंग करत नसत, त्यामुळे धावण्याची सवयच नव्हती; ह्यूस्टन तेव्हा नॅशनल लीगमध्ये होतं, तिथे करावी लागे. पूर्वीचा वांग पुन्हा दिसला नाही, याची हळहळ अजून वाटते.

घरच्या लीगला मात्र कमी लेखू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये टोकियो डोममध्ये प्रीमियर १२ या राष्ट्रीय संघांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तैवानने जपानला ४-० हरवलं. तीन धावांचा निर्णायक होमरन मारणारा कर्णधार चेन च्ये-श्येन घरच्याच लीगचा खेळाडू.