सैन्यातून अमेरिकी संसदेत गेलेल्यांपैकी कोणाचं आयुष्य जाणून घ्यावं?

तुम्ही एकच नाव विचारलंत, तर मी डॅनियल इनोये यांचं सांगेन. हवाईचे सिनेटर. त्यांच्याबद्दल पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

जन्म १९२४, होनोलुलू, आईवडील जपानी वंशाचे. हवाईतल्या पर्ल हार्बर तळावर जपानी बॉम्ब पडले तेव्हा वय १७. प्रथमोपचार येत होते, म्हणून जखमींसाठी धावत गेले. तरी सरकारने त्यांच्यासारख्या मुलांना 'शत्रू परकीय' ठरवून सैन्याची दारं बंद केली. १९४३ मध्ये ती उघडली आणि डॉक्टर व्हायला निघालेला हा मुलगा कॉलेज सोडून जपानी वंशाच्या अमेरिकी सैनिकांच्या ४४२ व्या रेजिमेंटमध्ये भरती झाला.

२१ एप्रिल १९४५, इटलीतलं सान तेरेंझो. टेकडीवरच्या जर्मन मशीनगनांवर ते तुकडी घेऊन चढत होते. पोटात गोळी लागलेली. हातबॉम्ब फेकायला उजवा हात उचलला आणि जर्मन ग्रेनेड थेट कोपरावर बसला. हात नुसता लोंबत राहिला, पण मुठीत पिन काढलेला बॉम्ब तसाच आवळलेला. मदतीला धावलेल्या सोबत्यांना त्यांनी ओरडून लांब ठेवलं, डाव्या हाताने ती मूठ सोडवली आणि बॉम्ब शत्रूवर फेकला. सर्जन व्हायचं स्वप्न त्या हाताबरोबरच गेलं. (इटलीतल्या त्याच शेवटच्या चढाईत, १२ दिवस आधी, आपल्या नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव सेनिओ नदीकाठी लढले आणि व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी झाले.)

घरी परतताना सॅन फ्रान्सिस्कोत केस कापायला गेले. अंगावर गणवेश, छातीवर पदकं, हाताच्या जागी लोखंडी आकडा. न्हाव्याने जपानी म्हणून हाकलून दिलं. हे वाचताना मला आजही संताप येतो. सर्वोच्च पदक, मेडल ऑफ ऑनर, मिळायला तर २००० साल उजाडावं लागलं.

१९५९ मध्ये हवाई अमेरिकेचं राज्य झालं आणि इनोये संसदेच्या कनिष्ठ सभागृहात तिथले पहिले प्रतिनिधी म्हणून निवडून आले. शपथेला सभापतींनी उजवा हात वर करायला सांगितलं. वर गेला तो डावा. १९६३ पासून २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते सिनेटमध्ये होते. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना भोवलेल्या वॉटरगेट प्रकरणाच्या चौकशी समितीत होते, इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याच्या इराण-काँट्रा प्रकरणाच्या चौकशीत सिनेटच्या समितीचे अध्यक्ष होते.

मिशिगनच्या लष्करी रुग्णालयात त्यांची गाठ बॉब डोल यांच्याशी पडली होती, जे पुढे स्वतःही सिनेटर झाले. डोलही त्याच एप्रिलमध्ये इटलीत जखमी झालेले, त्यांचाही उजवा हात कायमचा निकामी. राजकारणात जायची कल्पना डोल यांची, पण अमेरिकी संसदेत आधी पोचले इनोये. पुढे पक्ष वेगळे (इनोये डेमोक्रॅट, डोल रिपब्लिकन), मैत्री शेवटपर्यंत.

डिसेंबर २०१२ मध्ये इनोयेंची शवपेटी कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकी संसद भवनाच्या, घुमटाखाली ठेवली होती. ८९ वर्षांचे डोल चाकाच्या खुर्चीतून आले. डॅनीने आपल्याला खुर्चीत पाहू नये म्हणून ते उठले, आधार घेत शवपेटीपर्यंत चालत गेले आणि डाव्या हाताने सलाम केला.