शिट्टीच्या आधी वही

प्रिय बाय,

तुझं पत्र पोचलं. भात कापून झालेल्या मळ्यात आठवड्यातून तीन दिवस सोळा मुलांचा फुटबॉल सराव, सगळी बारा वर्षांखालची, त्यांत पाच मुली. आणि तुझा प्रश्न असा की, मुलांनी ऐकावं असं नेतृत्व अंगात कसं आणायचं.

ऐकण्याची काळजी तू करू नकोस. अकरा वर्षांचं पोर, ज्याच्या गळ्यात शिट्टी त्याचं पहिले पंधरा दिवस निमूट ऐकतं. खरी परीक्षा सोळाव्या दिवशी सुरू होते. तोवर तू कोणाकडे बघतेस आणि कोणाकडे बघायचं राहून जातं, हे मुलांनी ओळखलेलं असतं. म्हणून शिट्टीच्या आधी दोनशे पानी वही घे.

प्रत्येक सरावाला एक पान. डावीकडे सोळा नावं, पुढे तीन रकाने. पहिल्यात हजेरी. दुसऱ्यात त्या दिवशी काय जमलं किंवा अडलं, चार शब्दांत: ‘डावा पाय वापरला’, ‘चेंडू आला की डोळे मिटते’. तिसऱ्यात, आज त्या मुलाशी नाव घेऊन तू काय बोललीस ते. घरी जाऊन लिहायचं म्हटलंस तर आठवत नाही, मैदान सोडायच्या आधी पाच मिनिटांत लिही. तिसरा रकाना कडू आहे, हे आधीच सांगून ठेवते. दोन आठवड्यांनी पानं चाळ. चार-पाच नावांपुढे ओळीने कोरी जागा दिसेल. चांगलं खेळणाऱ्याचं नाव कौतुकापायी तोंडी येतं, मस्तीखोराचं ओरडण्यापायी. मधली शांत मुलं दोन्हीकडून सुटतात, आणि सराव सोडून जाणारी पहिली मुलं हीच असतात. भांडत नाहीत, रुसत नाहीत, एक दिवस ‘ट्यूशन आहे’ म्हणतात आणि संपलं. पुढच्या सरावाला त्या कोऱ्या नावांपासून सुरुवात कर. बोलायचं तेही नेमकं. नुसतं ‘छान’ म्हटलंस तर मुलाला काही कळत नाही. ‘पास देण्याआधी मान वर करून बघितलंस’ म्हटलंस की तो उद्या पुन्हा बघेल.

आता रांगेचा हिशेब. नव्या कोचच्या सरावात हमखास दिसणारं चित्र: सोळा मुलं एका रांगेत, समोर खुणेचा प्लास्टिकचा कोन, चेंडू एक. एकाची पाळी पंधरा सेकंदांची धर. सोळा जण म्हणजे चार मिनिटं. वीस मिनिटांच्या सरावात प्रत्येकाच्या पायाला पाच वेळा चेंडू लागला आणि बाकी वेळ तो रांगेत उभा राहिला. उभं पोर पुढच्याला ढकलणारच. मग तू ओरडणार, आणि शिस्त नाही म्हणून पत्र लिहिणार. चार-चारच्या चार रांगा कर, चार चेंडू घे. दर मिनिटाला पाळी, वीस मिनिटांत वीस वेळा. ढकलाढकली आपोआप कमी होते. चेंडू चार नंबरचा, या वयाला पाच नंबरचा जड पडतो. निदान आठ चेंडू जमव, दोघांत एक. पंचायतीकडे किंवा देवळाच्या मंडळाकडे काही मागायचं झालं तर जर्सी मागू नकोस, चेंडू माग. जर्सीचे फोटो चांगले येतात म्हणून देणाऱ्याला जर्सीच द्यायची असते, तेव्हा इथे थोडी चिकाटी लागेल.

पंचाहत्तर मिनिटांचा सराव असेल तर येता येता सुरू होणारा शिवाशिवीसारखा खेळ दहा मिनिटं, चेंडूचं एक कौशल्य पंधरा, तीनास तीन किंवा चारास चार असे छोटे सामने वीस, मोठा सामना पंचवीस, आणि उरलेल्या पाचांत सामान आवरणं. पाणी या वेळातच प्यायचं. कौशल्य आणि छोटा सामना एकाच विषयाचे हवेत. सकाळी शाळेत इतिहास-भूगोल झालेला असतो, तुझ्या मैदानावर एका संध्याकाळी एकच विषय पुरे.

सामन्याच्या दिवशी वहीला वजन येतं. सात जणांचा संघ आणि वीस-वीस मिनिटांचे दोन भाग धरू. दहा मिनिटांचे चार तुकडे कर. सात जागा गुणिले चार म्हणजे अठ्ठावीस पाळ्या. मुलं सोळा. बारा जणांना दोन-दोन पाळ्या आणि चौघांना एक. हे चौघे दर सामन्याला बदलायचे. चार सामने झाले की प्रत्येकाच्या नावावर बरोबर सात पाळ्या, म्हणजे सत्तर मिनिटं. गोलमध्ये उभं राहणं हीसुद्धा पाळीच, आणि एका सामन्यात एकाच मुलाला दोनदा गोलमध्ये घालायचं नाही. मैत्रीपूर्ण सामन्यात हे सहज जमतं. स्पर्धा असेल तर संघात किती नावं चालतात आणि बदली खेळाडू कितीदा आत-बाहेर करता येतो, हे आयोजकांना आदल्या दिवशी विचार, नाही तर कागद वाया जातो.

तो कागद सामन्याआधी मुलांसमोर मोठ्याने वाच. यात गोम आहे. शेवटची दहा मिनिटं, एक गोलने मागे, आणि कागदावर पाळी आहे ती चेंडू आला की डोळे मिटणाऱ्या मुलीची. उंच पोराला आतच ठेवावं असं तुला वाटेल, कडेला उभे असलेले चार काके तसं सांगतीलही. कागद आधी वाचलेला असेल तर तुला माघार घेता येत नाही. तुझं नेतृत्व घडलं तर त्या दहा मिनिटांत घडेल. सामना गेला तरी चालेल, बारा वर्षांखालच्या सामन्याचा निकाल पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोणाला आठवत नाही. ती मुलगी मात्र विसरणार नाही.

उंच पोराबद्दल आणखी एक. वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येकाचा जन्ममहिना लिही. वयोगट १ जानेवारीवरून ठरत असेल तर एकाच गटात जानेवारीचं आणि डिसेंबरचं पोर येतं, म्हणजे जवळजवळ वर्षाचा फरक. या वयात वर्षभराने उंची, वेग, धक्का सगळंच बदलतं, आणि आपण त्याला गुणवत्ता म्हणतो. निवड करताना तो महिना एकदा बघत जा. वाढीच्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेला दुखतं अशी तक्रार आली तर तिला नाटक समजू नकोस. हाड झपाट्याने वाढतं आणि स्नायूचा ताण नेमका तिथे येतो. उड्या आणि पळणं कमी कर, दुखणं राहिलं तर डॉक्टरांकडे पाठव.

बोलण्याचं. मुलांना गोळा केलंस की सूर्याकडे तोंड करून तू उभी राहा, ऊन त्यांच्या पाठीवर असू दे. त्यांच्या डोळ्यांत ऊन असलं तर ती तुझ्याकडे बघत नाहीत आणि तुला वाटतं लक्ष नाही. तीस सेकंदांत एकच गोष्ट सांग. प्रश्न विचारलास, ‘आत्ता मोकळी जागा कुठे होती?’, तर मनात पाचपर्यंत मोज. बहुतेकांना दोनच्या पुढे धीर धरवत नाही, उत्तर स्वतःच देऊन मोकळे होतात. सामना चालू असताना दर अर्ध्या भागात घड्याळ लावून पाच मिनिटं गप्प बस. चेंडू पायात असलेल्या मुलाला तू ‘पास दे’ म्हणतेस, बाप ‘मार’ म्हणतो, सोबती तिसरंच. मग ते पोर मैदान सोडून कडेला बघायला लागतं.

मैदानातलं बोलणं मुलांवर सोपव. सगळं मैदान समोर दिसतं ते गोलकीपरला. आपल्या गोव्याच्या ब्रह्मानंद शंखवाळकरांनी भारताचं कप्तानपद सांभाळलं ते गोलच्या खांबांमध्ये उभं राहूनच. तेव्हा ज्याची गोलमध्ये पाळी असेल त्याला तीन शब्द दे: ‘मागे माणूस’, ‘वेळ आहे’, ‘बाहेर’. एवढेच. लाजाळू पोरालाही हे तीन शब्द ओरडता येतात, कारण ते त्याचं काम असतं. कप्तानाची पट्टीही दर सामन्याला फिरव. कायमचा कप्तान नेमलास की एक पोर पुढारी होतं आणि पंधरा जण अनुयायी व्हायला शिकतात.

कामंही तशीच जोडीने आणि दोन आठवड्यांसाठी द्यायची: एका जोडीकडे चेंडू मोजणं, एकीकडे हवा भरणं, एकीकडे बिब, म्हणजे संघ ओळखायला अंगावर चढवायची रंगीत बंडी. काम नीट शिकव. पंपाची सुई ओली करून घालायची, कोरडी घातली की आतलं रबर फाटतं आणि चेंडू रोज बसतो. बिब घामाने भिजलेले तसेच पिशवीत कोंबले तर आपल्या दमट हवेत दोन दिवसांत वास आणि चार दिवसांत बुरशी. एखाद्या दिवशी हवा भरायची राहिली तर तू पंप हातात घेऊ नकोस. दहा मिनिटं बसक्या चेंडूने खेळू दे, पुढचं सोबतीच सांगतील. शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावू नकोस. पळणं हा ज्या खेळाचा गाभा, तेच पळणं शिक्षा ठरवलं तर पोर त्याचा राग धरणारच.

सरावाला वीस मिनिटं आधी पोच आणि मळ्यात चालून ये. भाताची धसकटं अनवाणी पायाला आणि घोट्याला लागतात, पहिल्या आठवड्यात ती मुलांच्या आईबापांकडून विळ्याने जमिनीलगत कापून घे. बाटल्यांच्या काचा बघ. गोलच्या खुणेला चिरे ठेवायची आपल्याकडे सवय आहे, त्यावर गुडघा आपटला की सोलून निघतो. कोन किंवा चपला पुरतात. सुटे लोखंडी गोलपोस्ट वापरत असाल तर मागच्या नळीवर वाळूची पोती टाकल्याशिवाय मुलांना जवळ फिरकू देऊ नकोस. ते उलटून मुलं दगावल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत. लोंबकळण्यावर पूर्ण बंदी.

गडगडाट ऐकू आला की खेळ बंद, शेवटच्या गडगडाटापासून अर्धा तास जाईपर्यंत. आसरा पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत घ्यायचा, माडाखाली किंवा आंब्याखाली नाही. पाणी प्रत्येकी अर्धा ते पाऊण लिटर धर, सोळांना बारा लिटर. वीस लिटरचा एक जार पुरतो. मार्चपासून उन्हं उतरल्यावरच सराव सुरू कर. एखादं पोर बरळायला लागलं, ओकलं, तोल जाऊ लागला तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओत, वारा घाल आणि १०८ लाव. डोक्याला मार बसला तर ‘मी बरा आहे’ म्हणालं तरी त्या दिवशी पुन्हा आत नाही, डॉक्टरांना दाखवूनच पुढे.

पालकांची बैठक पहिल्याच आठवड्यात घे, अर्ध्या तासाची. वेळा, जत्रा-शिगम्याच्या आणि परीक्षेच्या सुट्ट्या, पाळ्यांचा नियम, आणि हे एक: सामन्याबद्दलची तक्रार त्याच संध्याकाळी ऐकून घेणार नाही, दुसऱ्या दिवशी संध्याकाळनंतर. तोवर निम्म्या तक्रारी विरतात. उरलेल्यांत एक ठरलेली असते, ‘आमच्या वाड्यावरच्या पोराला कमी खेळवलं’. इथे वाद घालू नकोस. वही उघड, पाळ्या दाखव. तुझी चूक निघाली तर तिथेच मान्य कर आणि पुढच्या सामन्यात ती पाळी भरून दे. मुलांसमोरही तेच. उशिरा आलीस तर कारण सांगत बसू नकोस, ‘मी उशीर केला, चुकलं’ एवढं पुरे.

एका बाबतीत मात्र सवलत नाही. कुठल्याही मुलासोबत बंद जागेत एकटी थांबायचं नाही, स्कूटरवर एकट्याला सोडायला जायचं नाही, मैदानावर नेहमी दुसरं मोठं माणूस हवं. मेसेज फक्त पालकांच्या ग्रुपवर. मूल काही भलतं सांगू लागलं तर ऐकून घे, खोदून विचारू नकोस, गुप्त ठेवायचं वचन देऊ नकोस. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशी गोष्ट कळवणं बंधनकारक आहे, आणि गोव्याचा स्वतःचा बाल कायदाही २००३ पासून आहे. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेव.

तुला घडवणारं माणूसही लागेल. कोचिंगच्या लायसन्सचे कोर्स जरूर कर, पण कोर्स तुझ्या मळ्यात येऊन बसत नाही. जुन्याजाणत्या कोचला महिन्यातून एकदा बोलाव. ‘सराव कसा वाटला?’ असं विचारशील तर ‘बरा होता’ एवढंच ऐकायला मिळेल. त्याला तीन गोष्टी मोजायला दे: तुझं सर्वांत लांब भाषण किती सेकंद चाललं, किती वेळ किती मुलं नुसती उभी होती, आणि कोणाचं नाव एकदाही घेतलं गेलं नाही. तिसरा आकडा तुझ्या तिसऱ्या रकान्याशी ताडून बघ. जुळणार नाही, कुणाचाच जुळत नाही.

शिगम्याला घरी येशील तेव्हा वही घेऊन ये. सुरुवातीची पानं नकोत, ती सगळेच टापटीप लिहितात. फेब्रुवारीची दाखव, कंटाळा आल्यानंतरची. आणि पंपाच्या सुया दोन घेऊन ठेव, एक पहिल्याच महिन्यात धसकटांत हरवते.

तुझी,
काकी