वाचकांचे प्रश्न : मालक दूर, बाग कुटुंबांच्या हाती

प्रश्न : वडिलोपार्जित लहान फळबाग मी दूर राहून सांभाळतो. बागेतल्या दोन घरांत दोन पगारी कुटुंबे राहतात. पगार दोन्ही पुरुषांच्या नावे आहे. बायका घरचे आवरून मदत करतात. गेल्या हंगामात फळांची प्रत घसरली. कारण विचारले, तेव्हा ‘तुमच्या फोनची वाट पाहत होतो’ असे उत्तर मिळाले. देखरेख कशी वाढवावी?

उत्तर : आपल्या बागेत देखरेख कमी आहे असे मला वाटत नाही. तेथे दोन गोष्टींची उणीव आहे : बायकांच्या कामाची नोंद आणि कुटुंबांना निर्णयाचा अधिकार.

काढणीच्या दिवसांत बागेवरचे घर कसे चालते, हे पाहण्यासारखे असते. दव सुकल्यावर आणि ऊन चढण्याआधी फळ उतरवायचे असल्याने स्वयंपाक आणि पाणी भरणे पहाटेच उरकावे लागते. फळ सावलीत आणणे, देठ आखूड कापणे, डागाळलेले वेगळे काढणे, आकाराप्रमाणे प्रतवारी करून क्रेट भरणे ही कामे बहुधा बायकाच करतात, आणि फळाची जी प्रत घसरल्याची आपली तक्रार आहे ती याच कामांवर अवलंबून असते. हंगाम संपल्यावरही छाटलेल्या फांद्या गोळा करणे, आच्छादन पसरणे, ठिबकच्या नळ्यांतील तुंबलेले ड्रीपर (थेंबथेंब पाणी सोडणारी तोंडे) शोधणे चालूच राहते. या सर्वांना मदत म्हणणे मला अन्यायाचे वाटते. समान मोलाच्या कामाला स्त्री-पुरुषांना समान मोबदला मिळावा, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1951 च्या करारात मांडले आहे. आपण चारही प्रौढांची हजेरी स्वतंत्र ठेवावी आणि प्रत्येकाचा पगार ज्याच्या त्याच्या हाती द्यावा. राहत्या घराची किंमत पगारातून वळती करत असाल, तर ती वाजवी आहे का आणि त्यांना ती सांगितली आहे का, हेही तपासावे.

आता फोनविषयी. केळी, आंबा, पपई ही फळे तयार अवस्थेत काढल्यास नंतर पिकतात. द्राक्षे आणि संत्री झाडावरून उतरल्यावर त्यांची गोडी वाढत नाही. त्यामुळे काढणीचा दिवस फळ हातात घेऊन, रंग आणि चव पाहूनच ठरवावा लागतो, आणि ते दुरून होत नाही. काढणीची वेळ, पाण्याची पाळी, लगडलेल्या फांदीला टेकू देणे, विरळणी (दाटीतली जास्तीची फळे काढणे) या बाबी कुटुंबांवर सोपवाव्यात. विक्रीचा करार आणि मोठा खर्च आपल्याकडे ठेवावा. फुटलेला पाइप किंवा पंपाचा वॉशर बदलायला परवानगी मागावी लागू नये, एवढी रक्कम त्यांच्याजवळ असू द्यावी आणि तिचा हिशेब महिन्याने पाहावा.

प्रश्न : आम्ही मालकांच्या बागेतच राहतो. फवारणी झाली की दुसऱ्याच दिवशी ते फोनवरून काढणी करायला सांगतात. घरात लहान मूल आहे. नाही म्हटले तर कामाबरोबर घरही जाईल, अशी भीती वाटते.

उत्तर : ताई, आपली भीती खरी आहे आणि ती क्षुल्लक मानता येणार नाही, कारण नोकरी आणि छप्पर एकाच माणसाच्या हाती असले की नकार देणे फार अवघड होते. म्हणूनच नकाराऐवजी आधी औषधाचे लेबल पुढे करावे. फवारणीनंतर बागेत पुन्हा शिरण्यापूर्वी थांबायचा काळ आणि फळ काढण्यापूर्वी थांबायचा काळ, हे दोन वेगळे असतात. पहिला काम करणाऱ्यांसाठी आणि दुसरा खाणाऱ्यांसाठी असतो. काढणीसाठी दोन्ही पाळावे लागतात. लेबलाचे छायाचित्र आणि फवारणीची तारीख मालकांना पाठवावी. मुदतीआधी काढलेल्या फळात औषधाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळला तर माल नाकारला जाऊ शकतो, हेही त्यांना सांगावे.

घरापुरती काळजी आपल्या हाती आहे. वारा घराकडे वाहत असेल तर फवारणी पुढे ढकलावी. फवारणीच्या वेळी मूल, वाळत घातलेले कपडे आणि पिण्याचे पाणी घरात घेऊन खिडक्या लावाव्यात. फवारणीचे कपडे इतर कपड्यांत न मिसळता हातमोजे घालून वेगळे धुवावेत. औषधाच्या रिकाम्या बाटल्या कितीही धुतल्या तरी पाण्यासाठी किंवा तेलासाठी वापरू नयेत.

शेतीतील सुरक्षिततेविषयीच्या 2001 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, गंभीर धोका समोर दिसत असेल तर कामगाराला कामापासून दूर होण्याचा हक्क आहे आणि त्यामुळे त्याचे नुकसान होता कामा नये. मात्र हा करार स्वीकारलेल्या देशांवरच तो बंधनकारक आहे. काम सुटले तरी घर रिकामे करण्यासाठी किती अवधी मिळेल, हे मालकांकडून आधीच लिहून घ्यावे. हंगामाच्या तोंडावर त्यांना आपली गरज सर्वांत जास्त असते. ही बोलणी तेव्हाच करावीत.

प्रश्न : पीक बुडाले तर बागेवरच्या कुटुंबाचा पगार कापणे योग्य आहे का?

उत्तर : नाही. गारपिटीने फुलोरा गळाला तरी झाडांना पाणी, छाटणी आणि रोगट फांद्यांची विल्हेवाट लागतेच, किंबहुना त्या वर्षी निगा जास्त लागते. मासिक पगार ठरलेला ठेवावा. चांगल्या पिकाचा वाटा द्यायचा असल्यास तो त्यावर, वेगळा द्यावा.