७८ वर्षांच्या आजीचं कोपर मोडलंय, एक डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात, दुसरे नको म्हणतात, काय करावं?

आधी विचारा मोडलंय नेमकं कुठं. कोपराचं मागचं टोक असेल आणि सांधा जागेवर असेल तर हाड सरकलेलं असलं तरी या वयात बिनऑपरेशनचं बऱ्याचदा चांगलं भागतं, २०१७ चा एडिनबराचा ७५ च्या पुढच्या पेशंटवरचा अभ्यास तर ऑपरेशनवाल्यांनाच त्रास जास्त झाला म्हणून मध्येच थांबवला होता. आमच्या आईचं बाळीवेशीत घसरून हेच झालं, थोडे दिवस हात झोळीत मग हळूहळू व्यायाम, हाड जुळलं नाही पण ज्वारीची भाकरी परत थापते, फक्त डबा फळीवर ठेवताना जोर कमी पडतो. दंडाच्या हाडाचं खालचं टोक असेल तर गोष्ट वेगळी, तिथं ऑपरेशनचा विचार जास्त होतो. आणि जखम उघडी असेल, सांधा निखळला असेल किंवा बोटं बधिर असतील तर आत्ताच घेऊन जा.